सोलापूरच्या थंडीत पाणकासवाची काळजी: खाणं बंद झालंय, काय करावं?

शेवगा | ३ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. दिरांची बदली झाली तेव्हापासून त्यांच्या मुलाचं कासव आमच्याकडे आहे. दुकानात सर्रास मिळतं तेच, हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाणकासव. आलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं म्हणे, आता पाठ तळहाताएवढी झालीय. प्लॅस्टिकच्या ऐंशी लिटरच्या टबात ठेवलंय. टब अर्धा भरलेला असतो, आत चढून बसायला एक वीट. जागा गॅलरीत, शहाबादी फरशीवर.

पावसाळ्यात मान वर काढून बोटांतून दाणे ओढून घ्यायचं. दिवाळी झाली आणि खाणं कमी कमी होत गेलं. आता टाकलेले दाणे फुगून तळाला बसतात आणि पाणी नासतं. दिवसभर पाय आत ओढून तळाशी बसून असतं, दुपारी तेवढं जरा इकडेतिकडे फिरतं.

शेजारचे काका म्हणतात, कासवं थंडीत झोपतात, मातीच्या खोक्यात ठेवा, होळीला उठेल. सासूबाई म्हणतात पाठ कोरडी पडलीय, खोबरेल लाव. एका दुकानातून पाण्यात टाकायला निळं औषध दिलंय, ते अजून टाकलेलं नाही. पुतण्या रोज व्हिडिओ कॉलवर पहिलं हेच विचारतो, "काकू, जेवलं का?" कुणाला अनुभव असेल तर नीट सांगा, प्लीज.


हातमाग | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

ताई, आधी तीन गोष्टी बघून सांगा. पहाटे सहाला आणि दुपारी तीनला पाण्याचं तापमान किती असतं? नाकपुडीतून बुडबुडे किंवा शेंबडासारखं काही येतं का? पोहताना सरळ पोहतं की एका बाजूला कलतं?

तोपर्यंत खायला टाकणं पूर्ण बंद ठेवा. निळं औषध टाकू नका, तेल लावू नका. आणि मातीचं खोकं तर मुळीच नको. कारण सविस्तर लिहितो, आधी आकडे येऊ द्या.


हुरडा | ३ डिसेंबर, रात्री १०:०५

आमच्याकडेही सेम. रोज सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ठेवतो, तरी खात नाही. वाचतोय.


शेवगा | ४ डिसेंबर, दुपारी ३:३०

फिश टँकचा थर्मामीटर आणला. पहाटे १८, आत्ता २५. बुडबुडे नाहीत, नाक कोरडं आहे. आत्ता पाहिलं तर सरळ पोहतंय. डोळे उघडे आहेत, सुजलेले वाटत नाहीत.


हातमाग | ४ डिसेंबर, रात्री ८:५५

चांगली बातमी आहे. कासव आजारी दिसत नाही, गारठलंय. आता जरा लांबण लावतो, कारण ही गोष्ट सोलापुरात नीट समजून घेणं गरजेचं आहे.

तुमच्याकडचं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळ गाव अमेरिकेत, मिसिसिपी नदीचं खोरं. तिकडच्या उत्तरेकडच्या भागात हिवाळ्यात तळी गोठायला येतात. तिथलं कासव शरद ऋतूतच खाणं सोडतं, आतडं रिकामं होतं, मग पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की तळाच्या चिखलात जाऊन पडतं. पाणी महिनोन्‌महिने सारखंच गार असतं, त्यामुळे त्याचं शरीरही सारखंच मंद चालतं, साठवलेली चरबी पुरते. ही झोप खरी आहे. शेजारच्या काकांनी ऐकलंय ते खोटं नाही, फक्त ते सोलापूरचं नाही.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काय होतं? दुपारी पारा तिशीच्या आसपास. पहाटे पंधरा-सोळा, कडाका पडला तर त्याहून खाली. कासवाला स्वतःच्या अंगची ऊब नसते, पाणी जितकं गरम तितकंच ते गरम. म्हणजे रोज दुपारी ते जागं होतं, हालचाल करतं, चरबी जाळतं, एखादा दाणाही खातं. रात्री पाणी अठरावर आलं की पोट बंद पडतं. दुपारी खाल्लेला तो दाणा आतच राहतो आणि कुजतो. प्रतिकारशक्तीही तापमानावरच चालते, त्यामुळे छातीचा संसर्ग नेमका याच दिवसांत होतो. आपली थंडी कासवाला धड झोपू देत नाही आणि धड पचवू देत नाही. तिकडच्या कडक हिवाळ्यापेक्षा हा अर्धवट हिवाळा घरातल्या कासवाला जास्त भोवतो, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सोलापुरात एकच रस्ता: त्याला झोपवायचं नाही, रात्रंदिवस उबेत ठेवायचं. या आकाराच्या कासवाला पाणी २४ ते २६ अंश, अगदी पिल्लू असेल तर २६ ते २८. आणि तापमान चढ-उतार न होता टिकलं पाहिजे. दुपारी २५ आणि पहाटे १८ याची सरासरी काढून उपयोग नाही.

त्यासाठी सगळ्यात आधी टब गॅलरीतून घरात घ्या, तोही आतल्या भिंतीला, खिडकीखाली नको. शहाबादी फरशी रात्री टबातली ऊब ओढून घेते. खाली थर्माकोलची जाड शीट किंवा चार पदरी घडी केलेली जुनी चादर घाला. थर्माकोल टबाच्या बाहेरच राहू द्या, आत गेला की ते कुरतडून गिळतं. रात्री टबाचा तीन चतुर्थांश भाग वरून चादरीने झाका. पाणी कोमट आणि वरची हवा थंड असेल तर श्वास घ्यायला वर आलेलं कासव गार हवा छातीत ओढतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मात्र पूर्ण बंद करू नका, हवा खेळती हवी.

एवढ्यानेच पहाटेचा आकडा दोन-तीन अंश वर येईल. बाकीचं काम हीटरचं. त्याबद्दल माझ्यापेक्षा जाणकार माणूस इथे आहे, त्यांना लिहू द्या.


वायरमन_पूर्वभाग | ४ डिसेंबर, रात्री ९:४८

आवाज दिला म्हणून आलो. कारखान्यात यंत्रमागाची वायरिंग बघतो, घरी दोन कासवं हायत.

ताई, काचेचा पाण्यात बुडणारा हीटर घ्या, थर्मोस्टॅटवाला. लिटरमागं एक वॅट धरा आणि वर थोडं ठेवा. तुमच्या टबात साठ लिटर पाणी भरलं तर शंभर वॅटचा हीटर. चाळीस लिटरमध्ये हीटर नीट बुडतच नाही, म्हणून पाणी वाढवाच. पाणकासव हाय, खोल पाण्याला घाबरत नाही, फक्त चढायला उंच जागा द्या. विटेवर वीट आणि एक तिरकी फरशी.

आता हिशोब बघा. साठ लिटर पाणी सहा अंश तापवायला शंभर वॅटला सव्वाचार तास लागतात, तेही ऊब बाहेर गेली नाही असं धरून. म्हणजे रात्री बाराला आठवण झाली आणि हीटर लावला तर पहाटे कुठं पाणी जागेवर येणार. लावूनच ठेवा, थर्मोस्टॅट आपोआप बंद-चालू करतोय. बिलाची भीती नको. सलग बारा तास चालला तरी सव्वा युनिटच्या आत, आणि सलग चालत नसतोय.

आता धोक्याचं. कासव हीटरला धडका मारतंय, त्यावर चढून बसतंय. काच फुटली तर पाण्यात करंट. म्हणून हीटरला प्लॅस्टिकची जाळी पाहिजेच. जाळी मिळाली नाही तर जाड पीव्हीसी पाइपाला भरपूर भोकं पाडून त्यात हीटर ठेवा. तीन पिनचा प्लग, अर्थिंग चालू हाय का ते तपासून घ्या. घरात ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसंल तर बसवून घ्या, कासवापायी नाही तर घरातल्या माणसांपायी. वायर बोर्डाकडं जाताना मध्ये खाली झोळ ठेवा, म्हंजे वायरीवरनं ओघळलेलं पाणी झोळातनं खाली पडंल, बोर्डात जाणार नाही.

पाणी बदलायचं असंल तर आधी बटण बंद, पिन बाहेर, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पाण्यात हात. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की तडकतोय. ही घाई कुणी करू नका.


शेवगा | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

दोघांचेही मनापासून आभार. उद्याच टब आत घेते. एक शंका: आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. एवढं पाणी बदलायचं कसं? आणि हौदातलं पाणी तर सकाळी बर्फासारखं लागतं.


हातमाग | ४ डिसेंबर, रात्री १०:४१

हा प्रश्न अगदी आपल्या गावचा. सगळं पाणी एकदम बदलूच नका. फिल्टर नसेल तर एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या, गुलाब-जास्वंदाला ते खतच आहे. फक्त कोथिंबीर, मेथी अशा कच्च्या खायच्या भाजीला घालू नका.

वेळ दुपारी दोन-अडीचची ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तेव्हा चांगलं कोमट झालेलं असतं. हौदाचं पाणी वापरायचं झालं तर बादली सकाळी उन्हात ठेवा, थर्मामीटर लावून टबाच्या बरोबरीला आलं की घाला. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, त्याहून जास्त नको. गिझरचं पाणी ओतून झटक्यात ऊब आणायचा प्रयत्न तर कुणीच करू नये, गार पडलेल्या कासवाला तो धक्का सोसत नाही.

साठवलेल्या पाण्याचा एक फायदाही आहे. दोन दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो.


हुरडा | ५ डिसेंबर, सकाळी ८:१०

आणि उन्हाचं काय? आम्ही सातला ठेवतो ते बरोबर ना? पाऊण तास तरी ठेवतो.


हातमाग | ५ डिसेंबर, दुपारी १:१५

सातचं ऊन डोळ्याला छान वाटतं, पण कासवाला त्यातून हवं ते मिळत नाही. उन्हात दोन गोष्टी असतात, एक ऊब आणि दुसरी यूव्हीबी किरणं. या किरणांमुळे अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पाठ मऊ पडते, कडा वर वळतात. सकाळी सातला सूर्य फार खाली असतो, ही किरणं हवेतच अडतात. शिवाय त्या वेळी हवा सोळा-सतरा अंशांवर असते. ओलं कासव पाण्यातून काढून त्या वाऱ्यात ठेवलं तर ते उलट गारठणार.

थंडीत दहा ते बारा ही वेळ धरा. वीस ते तीस मिनिटं पुरे. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवायचं नाही, आतलं पाणी बघता बघता तापतं. उथळ घमेलं घ्या, चार बोटं कोमट पाणी, एक वीट, आणि अर्ध्या घमेल्यावर पुठ्ठा टाकून सावली. नको झालं तर त्याला सावलीत जाता आलं पाहिजे. वर जाळी टाका आणि जवळ बसून राहा. कावळा आणि मांजर दोघंही टपलेले असतात.

बंद खिडकीतून येणारं ऊन धरू नका. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. ज्यांच्या घरी ऊन येतच नाही त्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा घ्यावा. एलईडीने ऊबही मिळत नाही आणि किरणंही. साठचा जुना पिवळा बल्ब ऊब चांगली देतो, बसायच्या विटेवर तीस-बत्तीस अंश सहज होतात, पण यूव्हीबी त्यातही नाही. तेव्हा घरात पिवळा बल्ब आणि बाहेर दहाचं ऊन, ही जोडी सोलापुरात सगळ्यांना परवडेल. बल्ब मात्र पाणी उडणार नाही आणि कासव पोचणार नाही इतक्या उंचीवर, पक्का बांधून.


कडक भाकरी | ५ डिसेंबर, रात्री ८:३०

एवढा कुटाणा कशाला म्हणतो मी. कंबर तलावात नाहीतर हिप्परग्याला सोडून द्या की. मोकळं जगंल बिचारं. एवढाले तलाव हायत.


हातमाग | ५ डिसेंबर, रात्री ९:०२

दादा, तुम्ही दयेपोटी म्हणताय हे कळतंय, पण असं करू नका आणि कुणाला सांगूही नका.

जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींची एक यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे प्रसिद्ध झालीय. त्यात हे लाल पट्ट्याचं कासव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. कारण एकच, लोक हौसेने आणतात, मोठं झालं की तळ्यात सोडतात. ते चिवट असतं, काहीही खातं, पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वाढतं. आपल्या देशी कासवांची उन्हाला बसायची जागा आणि खाणं बळकावतं, घरातले रोगही तिकडे नेतं. कंबर तलावावर थंडीत पक्षी बघायला आपण सगळे जातो, हिप्परगा तर दीडशे वर्षांचा तलाव आहे. तिथे आपल्या हाताने हा त्रास कशाला सोडायचा?

ज्यांना खरंच सांभाळणं होत नाही त्यांनी नीट सांभाळणारा माणूस शोधून द्यावं. इथे धागा काढा, मी स्वतः शोधायला मदत करेन.


कडक भाकरी | ५ डिसेंबर, रात्री ९:२०

हे ठाऊक नव्हतं. लाख बोललात. आमच्या गल्लीत एकजण सोडायच्या तयारीत हाय, त्याला दाखवतो हे.


चाटी गल्ली | ६ डिसेंबर, सकाळी ११:४५

थोडं वेगळं विचारते. आमच्या वहिनींना त्यांच्या माहेरच्या कुणीतरी वास्तूसाठी म्हणून कासव दिलंय. पाण्यातलं नाही. पाठीवर उंचवटे आहेत, काळ्यावर पिवळ्या चांदण्यांसारखे पट्टे. पाण्यात ठेवलं तर धडपडतं. थंडीत त्यालाही हीटर लावायचा का?


हातमाग | ६ डिसेंबर, दुपारी १२:३०

ताई, ते चांदणी कासव दिसतंय. ते जमिनीवरचं आहे, माळरानातलं. त्याला आत्ताच्या आत्ता पाण्यातून काढा, कोरड्या उबदार खोक्यात ठेवा, पाणी फक्त उथळ बशीत. पाण्यात ते बुडू शकतं आणि ओलाव्याने त्याला न्यूमोनिया होतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हे कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते विकत घेतलेलं असो की भेट मिळालेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ते आहे, तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. या प्राण्याची तस्करी इतकी बेसुमार चालते की २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घातलं गेलं. आपल्या विहिरी-ओढ्यांत सापडणाऱ्या मऊ पाठीच्या चपट्या कासवालाही हाच कायदा लागू आहे. पावसाळ्यात रस्त्यावर सापडलं म्हणून घरी आणलेलं असतं, ते तेच.

वहिनींना घाबरवू नका, पण लपवूही देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि कासव त्यांच्या ताब्यात द्या. परस्पर माळावर सोडू नका. ते कुठल्या भागातलं आहे, त्याला काही रोग आहे का, हे तपासल्याशिवाय सोडणं धोक्याचं. देवळात दगडी कासवाला आपण नमस्कार करतो, त्याची जागा तिथे आहे. जिवंत कासव डब्यात कोंडून कुठलीच वास्तू सुखाची होत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.


चाटी गल्ली | ६ डिसेंबर, रात्री ९:१०

खोक्यात ठेवलं. वहिनींशी बोलले, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. उद्या सकाळी फोन करते. धन्यवाद दादा.


गोठा | ६ डिसेंबर, रात्री १०:३०

मी पशुवैद्य आहे, काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचं, पण कासवंही येतात, आणि थंडीत जास्त येतात. धागा चांगला चाललाय, माझ्याकडून काही गोष्टी.

सर्वांत आधी, आजारी कासव ओळखायचं कसं. पाण्यात एक बाजू वर आणि एक खाली असं तिरकं तरंगत असेल, बुडी मारता येत नसेल, तर एका बाजूच्या फुप्फुसात संसर्ग असण्याची शक्यता मोठी. मान लांब ताणून तोंड उघडून श्वास घेणं, श्वासाबरोबर शीळ घातल्यासारखा आवाज, नाकपुडीवर पुन्हा पुन्हा येणारा बुडबुडा, हीही तीच लक्षणं. यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कासव आजार फार काळ लपवतं, आपल्याला दिसतो तेव्हा तो पुढे गेलेला असतो.

डोळे सुजून मिटलेले असतील तर बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. फक्त सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवात हे नेहमी दिसतं. पण त्याचे थेंब मनाने देऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलवटते.

आणि हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा, माझ्या व्यवसायबंधूंनीही. आयव्हरमेक्टिन. गोचीड आणि जंतांसाठी जनावरांना आपण ते रोज वापरतो. कासवाला ते विष आहे, लकवा होऊन जीव जातो. कुठेही कासव नेलंत तर तोंडाने सांगा की याला आयव्हरमेक्टिन देऊ नका. डॉक्टर रागावणार नाहीत. आणि इंजेक्शन लागलंच तर ते शक्यतो पुढच्या पायात घेतात, मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं म्हणून.

दवाखान्यात आणताना पाण्याच्या बादलीत आणू नका. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत ओलसर टॉवेल, गाडीवरून येत असाल तर बाहेरून चादर. बादलीत आणलेलं अशक्त कासव वाटेतच बुडालेलं मी पाहिलंय.

वजन. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो आकडा जास्त सांगतो.

पहाटे कासव एकदम थंड आणि निपचित सापडलं तर मेलं म्हणून टाकून देऊ नका. खोलीच्या तापमानापासून सुरू करून दोन-तीन तासांत हळूहळू ऊब द्या, पाण्यात न ठेवता, आणि घेऊन या.


मुळा-मुठा | ७ डिसेंबर, सकाळी ९:००

ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी हात धुण्याबद्दल कडक राहा. कासव पूर्ण निरोगी दिसत असलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा छोटी कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती यामुळेच, मुलं ती तोंडात घालायची. टब किचनच्या सिंकमध्ये धुऊ नये, कासवाला कट्ट्यावर फिरवू नये.


शेवगा | १० डिसेंबर, रात्री ८:१५

सांगितल्याप्रमाणे केलंय. टब आत घेतला, खाली थर्माकोल, शंभरचा हीटर जाळीसकट, वर चादर. आरसीसीबी आमच्याकडे होतीच, वायरमनदादांनी सांगितलं म्हणून टेस्टचं बटण दाबून पाहिलं, चालते. पाणी आता पहाटेही २५ दाखवतं. निळ्या औषधाची बाटली परत केली.

आज दुपारी विटेवर चढून बसलं होतं. मागचे दोन्ही पाय लांब ताणलेले, बोटं पसरलेली, मान पुढे, डोळे मिटलेले. घाबरून जवळ गेले तर डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि धपकन पाण्यात. हे ठीक आहे ना? पाठीवरून पातळ कागदासारखा एक पापुद्राही सुटलाय. आणि खायला कधी द्यायचं?


हातमाग | १० डिसेंबर, रात्री ८:५०

उत्तम! पाय ताणून बसणं म्हणजे निवांत ऊन खाणं, निरोगी कासव असंच बसतं. पापुद्रा पातळ, पारदर्शक आणि खालची पाठ टणक असेल तर ती नेहमीची कात आहे. ओढून काढू नका. खालचा भाग मऊ, पांढुरका किंवा वास येणारा असेल तरच काळजी. तेल नको, तेलाने धूळ आणि बुरशी धरते.

पाणी टिकून राहिलंय, तेव्हा उद्यापासून खायला द्या, पण दुपारी, अकरा ते दोनच्या दरम्यान, म्हणजे पचायला उबेतला दिवस मिळेल. पहिल्या दिवशी तीन-चारच दाणे. मोठ्या कासवाला रोज दाणे लागतही नाहीत, एक दिवसाआड पुरतात. एका वेळेचं माप त्याच्या डोक्याच्या आकाराएवढं. मधल्या दिवशी पाला: शेवग्याचा पाला फार चांगला, कॅल्शियम भरपूर. थोडी मेथी, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक-माठ क्वचित, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवतं. भाकरी, भात, पाव, दूध काही नको. बाजारातली खारवलेली सुकट नको.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतं, पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं. एक तुकडा पाण्यात तरंगत ठेवा, वाटेल तेव्हा ते कुरतडतं. परदेशी पाकिटात तीच वस्तू कितीतरी महाग मिळते.


शेवगा | १३ डिसेंबर, दुपारी २:०५

खाल्लं!! आधी दाण्यापाशी येऊन थांबलं, नाक लावलं, मागे सरलं. मला वाटलं आजही नाही. मग मान एकदम बाहेर, गप्पकन गिळलं आणि दुसऱ्याकडे वळलं. पुतण्याला व्हिडिओ पाठवला. शेवग्याच्या पाल्याला अजून तोंड लावत नाही.


हातमाग | १३ डिसेंबर, दुपारी ४:३०

छान झालं. पाल्याची सवय हळूहळू लागते. दोन वेळा दाणे मागेल तेव्हा आधी पाला टाका, पोट रिकामं असेल तर खातं.


हुरडा | २ जानेवारी, रात्री ९:३०

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते आणि त्यानंतर आम्ही चार दिवस गावाला. कासवाचं काय करायचं? शेजारी दाणे टाकायला तयार आहेत.


वायरमन_पूर्वभाग | २ जानेवारी, रात्री ९:५५

शेजाऱ्याला दाणे टाकायला लावू नका. नवा माणूस प्रेमानं मूठभर टाकतोय, पाणी नासतंय. चार दिवस उपाशी राहून मोठ्या कासवाला काही होत नाही. शेजाऱ्याला एकच काम द्या: सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून फोटो पाठवायचा. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायची सवय असती आपल्याला, ती तेवढी आवरा, हीटरचा बोर्ड चालू राहू द्या.

लाइट गेली तर? साठ लिटर पाणी, खाली थर्माकोल, वर चादर असंल तर पाणी लगेच गार पडत नाही. दोन-तीन तास निभतंय. त्याहून जास्त वेळ गेली तर प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून टबात तरंगत सोडायच्या. पाणी ओतायचं नाही, बाटलीच सोडायची.


गोठा | ३ जानेवारी, सकाळी ७:४०

पाहुण्यांच्या गडबडीत आणखी एक: मुलांना कासव हातात द्यायचं तर जमिनीवर बसवून द्या. उंचावरून पडून पाठ फुटल्याच्या केसेस सुट्टीतच येतात. पाठ म्हणजे निर्जीव कवच नाही, ते हाड आहे, बरगड्या त्याला जोडलेल्या आहेत. फुटली की दुखतं आणि भरायला कित्येक महिने जातात.


शेवगा | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४०

आमचं व्यवस्थित खातंय, पालाही आता सुरू झालाय. वजन थोडं वाढलंय. दुपारी बाहेर चांगलंच तापायला लागलंय, तर हीटर आता काढू का?


हातमाग | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१५

दुपार बघून ठरवू नका, पहाट बघा. थर्मोस्टॅट २४ वर ठेवून हीटर टबातच राहू द्या. लागेल तेव्हाच चालू होईल. हीटर न पेटता सलग आठवडाभर पहाटेचं पाणी २४ च्या वर राहिलं की काढा, कोरडा पुसून खोक्यात ठेवा. बहुधा शिवरात्र उलटल्यावर ती वेळ येते.

टब मात्र गॅलरीत परत नेऊ नका. मार्चपासून तिथलं पाणी दुपारी तिशीच्या वर जाईल, आणि एप्रिल-मेचा आपला पारा तर सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यासाठी वेगळा धागा काढू या, तेव्हा पाणी गार कसं ठेवायचं याचे प्रश्न येतील. वायरमनदादा, तुमच्या दोन कासवांना मे महिन्यात कुठे ठेवता ते तिथे लिहा.


वायरमन_पूर्वभाग | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३२

लिहितो. माठ ठेवायची तिवई असती त्या कोपऱ्यात ठेवतो, फोटोसकट टाकतो.